चौथं ताट

२४ जानेवारी, शुक्रवार. अगत्ती

पोचले एकदाची! विमान आपल्या विटा-सांगली एसटीपेक्षा थोडंसंच मोठं, आणि धावपट्टी संपते तिथं लगेच समुद्र सुरू. शेजारच्या बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी खिडकीला नाक लावून बसले होते. सांगलीच्या दवाखान्यात सहा वर्षं अतिदक्षता विभागात काढली की माणूस सहसा कशाला भीत नाही, अशी माझी आजवरची समजूत आहे.

धक्क्यावर धुळादादा उभा होता. दाढी वाढलेली, उन्हानं इतका रापलेला की आईनं भाकरीच्या तव्याशेजारी उभा केला असता तर शोधावा लागला असता. मी पाया पडायला वाकले तर म्हणाला, पाया मागनं पड, आदी बोट बघ.

हा माझा सख्खा भाऊ, बारा वर्षांनी मोठा. आमचं घर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरणारं. दादानं मेंढरं सोडली आणि कुपवाडला फायबरच्या कारखान्यात लागला. पाण्याच्या टाक्या करता करता बोटी करायला शिकला. तिथंच त्याला आबा भेटले. आबा म्हणजे निवृत्त सुभेदार अर्जुना शेलार, मेढ्याकडचे. फौजेत असताना शिडाच्या बोटी चालवायला शिकले आणि ते वेड घेऊनच घरी आले. दोघांनी चार वर्षं कुपवाडच्या शेडमध्ये खपून अडतीस फुटांची बोट बांधली. ट्रेलरवरून ती आंबा घाट उतरत होती तेव्हा वळणावळणावर लोक थांबून फोटो काढत होते म्हणे. बोटीचं नाव ‘मनुबाई’, आबांच्या आईचं.

बेत असा: आठवडाभर इथल्या बेटांच्या कडेकडेनं फिरायचं, बोटीची खोड आणि एकमेकांची खोड ओळखून घ्यायची, आणि मग थेट मॉरिशस. वीस-बावीस दिवस जमीन दिसणार नाही. तिथं मराठी माणसं आहेत, ती आपल्याला पुरणपोळी घालतील असं आबांचं म्हणणं. माझं काम स्वयंपाक आणि औषधपाणी. शिवाय प्रत्येकानं रोजनिशी लिहायची, लिव्हल्याबिगर झोपायचं न्हाई, हुकूम हाय, इति आबा. म्हणून हे लिहिणं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी आबांनी झेंडा लावला, सलामी दिली, आणि पाच मिनिटांनी मी ओकले. दादा हसून हसून लोळला. मळमळीच्या गोळ्यांचं खोकं मीच आणलेलं आणि घ्यायची मीच विसरले. दुपारनंतर जरा बरं वाटलं.

इंजिन बंद करून शिडं वर ओढली की बोट गप्प होते. फक्त पाण्याची सळसळ. पाणी इतकं नितळ की तीन पुरुष खोलीवरचा खडक हाताला लागेल असं वाटतं. डाव्या अंगाला दिवसभर बेटाचा काठ चालत होता, माड आणि पांढरी वाळू, मधूनच एखादी मशीद. दादानं मला सुकाणू धरायला दिलं आणि दोन मिनिटांत काढून घेतलं.

बोटीला पाण्याच्या रेषेच्या वर चार बोटं रुंद लाल पट्टा आहे. दादानं तो कुपवाडला स्वतः मारला. सामान जास्त झालं की पट्टा बुडतो, म्हणून दादा रोज सकाळी वाकून बघतो. बाजरीचं पीठ, हुलगे, डाळी, कांद्याची पोती, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, चारशे लिटर पाणी, सगळं भरूनही पट्टा वर आहे. पाहुण्यांना बाळ दाखवावं तसा त्यानं मला तो दाखवला.

२८ जानेवारी, मंगळवार

आता अंगवळणी पडलं. हलत्या शेगडीवर भाकरी थापता येते हे मी आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

जेवण दुपारी एकला, डेकवर ताडपत्रीच्या सावलीत, तिघं ओळीनं मांडी घालून. खुर्च्या आहेत, पण दादाला मांडीशिवाय घास उतरत नाही. आबा त्याला चिडवतात की तू समुद्रावर मेंढरांचा वाडा टाकलास, आता दोन कुत्री आणि मेंढरं आण. मजेत आहोत.

२९ जानेवारी, बुधवार. अमावस्या

आज एका निर्जन बेटावर आलो. नकाशात नुसता ठिपका. चारी बाजूंनी प्रवाळाचं कडं, आणि आत जायला एकच वाट. आबा तिला खिंड म्हणतात. आमच्या बोटीचा कणा पाण्याखाली पाच फूट जातो. खिंडीत एरवी तेवढंही पाणी नसतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीलाच, तेही दुपारी तासभर, आत-बाहेर करता येतं. आबांनी परवानगीचा कागद, भरतीचं कोष्टक आणि कपाळाला आठी, तिन्ही घेऊन बोट आत घातली. आत आल्यावर मात्र स्वर्ग! लाट नाही, वारा मंद, पाणी हिरवंगार. काठापासून दोनशे हातांवर नांगर टाकला. दोन दिवस थांबायचं, बोटीचं बूड खरवडायचं, नारळ भरायचे आणि परवाच्या भरतीला निघायचं.

जेवताना गंमत झाली. पहिला घास तोंडात गेला आणि काठावर एक माणूस दिसला. माडांच्या पुढं, उन्हातच उभा, आमच्याकडे तोंड करून. कोळी असेल. दादानं हात वर करून खणखणीत हाक मारली, “या जेवाय!”

आबांना ठसका लागला. मला सवय आहे. आमच्याकडे जेवताना वाटेनं कुणी दिसलं आणि त्याला या जेवाय म्हटलं नाही तर त्या घासाचं पाप लागतं. माळावर वाडा असला की रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यालासुद्धा दादा हाक मारायचा. तो न थांबता म्हणायचा, हूं द्या, हूं द्या. बोलावणाऱ्यालाही ठाऊक असतं की तो येणार नाही, आणि जाणाऱ्यालाही ठाऊक असतं की खरंच जायचं नसतं. तरी दोघांनी बोलायचं असतं. त्यावर गाव चालतं.

हा माणूस काही बोलला नाही. नुसती मान डोलावली. आबा म्हणाले, मराठी कुठलं कळतंय त्याला. परत बघितलं तर काठ रिकामा. दादानं तरीही चौथं ताट वाढून आपल्या डाव्या हाताला ठेवलं, बोलावलंय तर पान मांडायला पायजे म्हणून.

भांडी गोळा करताना ते ताट स्वच्छ होतं, बोटानं पुसून घेतल्यासारखं. दोन ताटं चापतोस आणि दाढी वाढवून साधू दिसतोस, असं मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, मी न्हाई खाल्लं.

३० जानेवारी, गुरुवार

बेट फिरून आलो. चालत फिरायला अर्धा तास लागतो. झोपडी नाही, चूल नाही, होडी नाही, कालच्या माणसाच्या पावलाची खूणसुद्धा नाही. आबा म्हणाले, भरतीनं पुसली असंल.

दुपारी दादानं परत चौथं ताट मांडलं. मी म्हटलं, बास की आता. तर म्हणाला, काल एवढ्यावर पोट भरलं नसंल त्येचं. चेष्टाच करतोय असं वाटलं. आम्ही दोघं उठलो, दादा बसून राहिला. पाहुणा जेवतोय, मी कसा उठू म्हणाला. तासाभरानं उठला.

बोट जराशी डावीकडे कललीय. ओट्यावर ठेवलेला लिंबू घरंगळत जातो. आबांना सांगितलं. ते म्हणाले टाकीतलं पाणी एका बाजूला झालं असेल.

३१ जानेवारी, शुक्रवार

निघायचं होतं. निघालो नाही.

भरती कोष्टकाप्रमाणे आली. दादा सुकाणूवर, आबा पुढं वाकून पाणी बघत होते. खिंडीत शिरलो आणि खालून करवतीसारखा आवाज आला. बोट थरथरली आणि थांबली. आबांनी कसंबसं मागं घेतलं. नंतर बुडी मारून बघितलं, कण्याला नुसता ओरखडा. खिंडीची खोली मोजली तर परवाएवढीच होती.

बोट खाली गेलीय. लाल पट्टा डाव्या अंगाला पाण्यात आहे आणि उजव्या अंगालाही जेमतेम दोन बोटं उरलाय. आबांनी फळ्या उचकटून तळ बघितला. कोरडा ठणठणीत. गळती कुठेच नाही. दादा बोटीच्या कडेला वाकून पट्ट्याकडे बघत होता. चार वर्षांत त्याचा चेहरा इतका पडलेला मी पाहिला नव्हता.

१ फेब्रुवारी, शनिवार

बोट हलकी करायची ठरवली. शंभर लिटर पाणी, जादा साखळदंड, हत्यारांची पेटी, सगळं रबरी होडीतनं काठावर नेऊन ठेवलं. सकाळपासून तिघं राबलो.

संध्याकाळी बघितलं तर पट्टा आणखी बुडाला होता.

मदत मागवूया असं मी आबांना म्हटलं. इथं मोबाइल लागत नाही, पण त्यांच्याकडे उपग्रहाचा फोन आहे. त्यांनी मान हलवली. चाळीस जणांची तुकडी सांभाळलेला माणूस मी, आमची बोट जड झालीय एवढंच सांगून तटरक्षकांना बोलवू काय म्हणाले. पौर्णिमा बाराला आहे. तवा भरती सगळ्यात मोठी. तवा निघू.

म्हणजे अकरा दिवस या वाटीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मी चौथं ताट वाढलं नाही. मुद्दामच. पीठ उपसलं जातंय, आणि ते मॉरिशसच्या वाटेसाठी आहे. दादानं आपलंच ताट डावीकडे सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. मी रागानं खाली गेले. परत आले तर ताट स्वच्छ आणि दादा उपाशी.

मी तिथंच बसून बघत राहायचं ठरवलं. दुसरं ताट वाढलं. नजर हलवली नाही. भाकरी होती. मला शिंक आली. भाकरी नव्हती.

मग घाबरून मी उठले आणि माझ्या पायाखाली डेक हलला. मी उजवीकडे होते. बोट डावीकडे झुकली. डावीकडे दादाखेरीज कुणी नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादा काल दुपारपासून उठलेला नाही.

आधी वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ताप नाही. बोलतो नीट, हसतो नीट. नुसता उठत नाही. मी शेवटी विचारलं, कुणासाठी बसलायस? म्हणाला, पाव्हणा अजून जेवतोय न्हवं.

मी म्हटलं, मग त्याला उठायला सांग. त्यानं असं बघितलं की जणू मी आईला शिवी दिली. पानावरनं उठीव म्हन्तीस? आपल्या घरातलं हायेस का कोन तू? बोलावलं मी. त्यो हूं द्या म्हणला असता तर गोष्ट येगळी. त्यो आला. आता त्यो पुरं म्हनंस्तवर मला उठता यायचं न्हाई.

मला रडू आलं. घरी पंगतीत शेवटचा माणूस हात धुवेपर्यंत दादा असाच बसायचा, आणि त्याच गोष्टीचं मला कौतुक वाटायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोट आणखी खाली. ओट्याच्या मोरीतनं समुद्राचं पाणी उलटं वर आलं. सकाळी उठलो तर फरशीवर घोटाभर. मोरी बंद केली, पण बॅटऱ्या बुडाल्या होत्या. रेडिओ गेला. फोन त्याच कप्प्यात लावून ठेवलेला, तोही गेला. आबा पाण्यात गुडघ्यावर बसून तो फोन बनियननं पुसत राहिले. पुसून पुसून काही होणार नव्हतं.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, चूक झाली पोरी. त्या दिवशीच बोलवाय पायजे होतं.

आता कुणाला कळवायची सोय नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पीठ संपलं. वीस दिवसांचं शिल्लक होतं. हुलगे, डाळ, कांदे, चटणी, कच्चंसुद्धा. मी वाढलं नाही तरी कमी होत होतं. आबा आणि मी काठावरच्या नारळांवर आहोत. एक मासा मिळाला. तो दादासमोर ठेवला, त्यानं डावीकडे सरकवला.

दादाचे डोळे खोल गेलेत. पाच दिवसांत दहा किलो तरी उतरलाय. आणि बोट जड होतेय. हे गणित कुठल्या पुस्तकात आहे?

मी डावीकडे तोंड करून हात जोडले. तुम्ही कोण आहात ठाऊक नाही, पण आता पोट भरलं असेल तर माझ्या भावाला मोकळं करा म्हटलं. काहीच झालं नाही. मला माझीच लाज वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादा जेवतोय.

मी आनंदानं धावले. त्याच्या ताटात काहीतरी होतं, तो मोडून मोडून खात होता. म्हणाला, आता पाव्हणाच वाडतोय बग. बाजरीची हाय. गरम हाय.

वाळू होती. ओली पांढरी वाळू, प्रवाळाचे तुकडे. मी ताट हिसकावून समुद्रात धुतलं, परत ठेवलं, वळले. भरलेलं होतं.

चावण्याचा आवाज—मी कानात कापूस घातला. हिरड्यांतनं रक्त येतंय आणि तो हसतोय. लय दिसांनी अशी भाकरी मिळाली म्हणतो.

९ फेब्रुवारी, रविवार

आबांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला. काखेत हात घालून, मग दोर बांधून, मग शिडाच्या कप्पीवर घेऊन. कप्पी तुटली. दादा हलला नाही. हाडांचा सापळा झालाय आणि हलत नाही.

आबा म्हणाले, रबरी होडीनं जातो. माणसं राहतात ते बेट चौदा मैलांवर. पेट्रोल तेवढंच आहे. मला चल म्हणाले. हुकूम आहे म्हणाले. मग विनवणी केली. साठीचा माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा.

मी नाही गेले. दादाला एकट्याला पानावर सोडून—नाही.

सात वाजता निघाले. दोन दिवसांत आलोच म्हणाले. कड्याबाहेर गेल्यावर लाटेआड दिसेनासे झाले.

१० फेब्रुवारी

दादाची नाडी मंद. लागत नाही चटकन.

दुपारी मी ओरडले, शिव्या दिल्या, त्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणाला, पाव्हण्यासमोर असं करू न्हाई गं.

डावीकडची फळी खाली दबलीय. लाकूड वाकलंय. मी तिकडे बघत नाही.

११ फेब्रुवारी

आबा आले नाहीत.

दिवसभर क्षितिजाकडे बघून डोळे चुरचुरतायत. एक होडी नाही.

एक आठवलं. मी आठ वर्षांची असेन. वाड्यावर पाहुणे जेवत होते, दादा यजमान. मेंढी अडली. दादाला जायला हवं, पण पानावरनं उठणार कसा? आईनं मला ओढून त्याच्या पानावर बसवलं. घरचं माणूस बसलं की पान मोडत न्हाई म्हणाली. दादा उठला, गेला, कोकरू वाचलं.

आज त्याला विचारलं, असं चालतं ना? बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, चालतं. पर तू नगं.

एवढंच हवं होतं मला.

उद्या सकाळी. त्याच्या अंगात पोहण्याइतकं त्राण उद्यापर्यंतच आहे, परवा नसेल. मी धडधाकट आहे. मी तग धरेन. आबा येतील तोवर.

१२ फेब्रुवारी. पौर्णिमा

बसले.

दादा उठला! हाताला धरून उठवला आणि उठला, पिसासारखा. मी म्हटलं, बघू नकोस, बोलू नकोस, काठावर जा, नारळ फोड, आबांची वाट बघ. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग पाण्यात उतरला. दोनशे हात. दोनदा बुडाला. मी श्वास धरून—

पोचला. वाळूवर आडवा पडला. छाती हलतेय, इथनं दिसतेय. सुटला माझा भाऊ. सुटला.

भरती आली असेल. बोट हलत नाही.

पायाला काही झालेलं नाही. उठता येईल असं वाटतं. नुसतं उठवत नाही. मध्येच उठणं बरं नव्हे—हे मी लिहिलं का आत्ता? मी लिहिलं.

डाव्या दंडाला ऊब लागते. बघणार नाही.

ताटात भाकरी आहे.

१२, दुपार

वाळू आहे. मला ठाऊक आहे वाळू आहे. मी स्वतः धुवून बघितलीय.

पण वाफ येतेय. वास बाजरीचा. वर पांढरे तीळ.

उजव्या हातानं लिहितेय म्हणून डाव्यानं जेवतेय. आई इथं असती तर फटका दिला असता.

दात करकरत नाहीत. मऊ आहे.

दादा उठून बसलाय. पाण्याच्या कडेला. नारळ पायाशीच. एक उचल. उचल ना.

वाळू उकरतोय.

१२

मूठ भरली. तोंडात घातली. परत.

ओरडले, थुंक! ऐकू जातं. मान वर केली नाही. परत मूठ.

सुटला नाही. फक्त पानावरनं उठला. भूक तशीच घेऊन गेला—

मी चुकले. आई, मी चुकले.

कचकच इथपर्यंत येतेय. कापूस कुठं—

मी बोलावणार नाही. दादाला या जेवाय म्हणणार नाही, लिहून ठेवते. मी बोलावणार नाही. आबा येतील. सलाईन आहे खाली, दोन बाटल्या. आबा आले की आधी दादाला—

आता वर बघितलं त्यानं. हनुवटीवरनं रक्त. माझ्या ताटाकडे बघतोय.

तो वाळू खातोय. सख्खा भाऊ. आणि मी गरम. इथं निदान गरम आहे. इथं निदान चटणी—

माझ्या उजव्या हाताला जागा आहे. एकदाच. हळू आवाजात. ऐकू गेलं तर गेलं, नाहीतर